मानसोकचं पान

कोरियातल्या बुसान शहरात योंगदो बेटाच्या चढावर ह्वाजाचं चार खोल्यांचं लॉज आहे. पायऱ्या चढून येईपर्यंत पाहुण्याच्या छातीचा भाता होतो, पण वर आला की खाली अख्खं बंदर दिसतं आणि तो पायऱ्यांना शिव्या द्यायचं विसरतो. हे म्हणणं ह्वाजाचं नव्हे, तिच्या नवऱ्याचं. मानसोक जन्मभर बोलत राहिला आणि ह्वाजा जन्मभर चादरी धूत राहिली, अशी त्यांच्या संसाराची वाटणी होती.

कुठे जेवायचं, काय बघायचं, सगळं मानसोकला तोंडपाठ. “डुकराचं सूप आणि भात खायचा तर मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत. मोठ्या पाटीच्या दुकानात नाही हं, त्याच्या शेजारी. आधी खारवलेला जवळा घाला, मग चव बघा. मीठ मागितलंत तर मालकीण वस्सकन अंगावर येते. आणि दीपगृहाच्या बसमध्ये समुद्राच्या बाजूला बसा. दुसऱ्या बाजूला नुसत्या भिंती दिसतात, आणि भिंती तुमच्याही गावात असतीलच.” पाहुणे हसायचे. पाहुणे रोज नवे, म्हणून विनोद जुना झाला तरी चालायचा. आत चादरींच्या घड्या घालताना ह्वाजा पुटपुटायची, “झाली सुरू टकळी.” ती स्वतः दीपगृहापर्यंत लग्नाच्या वर्षी एकदाच गेली होती, तेही धुक्यात. पुढे दर वसंतात मानसोक म्हणायचा, “चल की एकदा.” ती म्हणायची, “चादरी कोण धुणार, तुझा बाप?”

गेल्या वसंतात एका पाहुण्याची बॅग वर आणताना मानसोक पायरीवर टेकला आणि उठलाच नाही.

मयताला बाईमाणसाने मोकळ्याने रडायचं, ही तिथली रीत. ह्वाजाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आलेल्यांना झणझणीत रस्सा वाढला, भांडी मोजून परत दिली, चपला नीट लावल्या. शेजारची चुनजा मासे विकते आणि तिच्या जिभेला हाड नाही. ती ह्वाजाला मुलाच्या नावाने हाक मारून म्हणाली, “संगगनच्या आई, माझ्या दोरीवरचे बोंबील तुझ्यापेक्षा ओले आहेत गं!” ह्वाजाला त्याचा रागही आला नाही, आणि त्याचीच तिला थोडी भीती वाटली. आपण वाईट बायको होतो की काय, असं एक-दोनदा मनात आलं. मग तेही येईनासं झालं.

वर्ष तसंच गेलं. पाहुणे यायचे, विचारायचे, ती सांगायची. मागची गल्ली, मोठी पाटी नाही, आधी जवळा, समुद्राच्या बाजूला बसा. शब्द सगळे नवऱ्याचे, फक्त हसू नव्हतं. कुणी विचारलं, “खरंच छान आहे का?” तर म्हणायची, “छान म्हणतात.” जेवण घशाखाली उतरायचं, झोप लागायची, सकाळ व्हायची. काही दुखत नव्हतं, तर तक्रार कसली करणार?

मुलगा संगगन सुवॉनला नोकरी करतो. भला पोरगा आहे, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायचा असतो. “आई, या पायऱ्यांवर बाबा गेले, आता तू जाणार का? घर विकू. आमच्याकडे लिफ्ट आहे.”

“तुला वाटेल तसं.”

“तुला काय वाटतं ते सांग ना!”

“मला कुठे काय वाटतं,” ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. ठरलं. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी घर घेणारा माणूस येणार होता. नवे पाहुणे घेऊ नकोस, असं संगगनने बजावलं होतं. तिने दाराबाहेरची पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली.

श्राद्धाच्या दिवशी तिन्हीसांजेला धाकटा दीर मानबोक आला. रीतीभातीच्या बाबतीत हा माणूस ब्रह्मदेवाच्याही चुका काढेल. आत्म्याला आत येता यावं म्हणून फाटक किलकिलं ठेवलं होतं. फोटोपुढे फळं, तळलेले मासे, बिनतिखटाच्या भाज्या, सगळं त्याने निरखून पाहिलं आणि मान डोलावली. शेवटी ह्वाजाने गरम भात आणि सूप आणून ठेवलं. मानबोक भातात चमचा रोवायला वाकला आणि तसाच थांबला.

“वहिनी, हे काय? भात डाव्या हाताला आणि सूप उजव्या हाताला? ही जित्या माणसाची मांडणी! गेलेल्याचं पान उलट असतं, हे का मी तुम्हाला सांगायचं? सासऱ्यांची श्राद्धं करून हात झिजले तुमचे!”

ह्वाजाने पाहिलं. खरंच की. सासऱ्यांच्या, सासूच्या पानात तिची कधी चूक झाली नव्हती. आज हातांनी तिला न विचारताच भात डावीकडे ठेवला होता, रोज रात्री ठेवायचे तसा. तो गेला हे तिला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

संगगन वाट्या बदलायला पुढे झाला. तिने त्याचं मनगट धरलं.

“राहू दे.”

“आई, काका म्हणतात ते—”

“राहू दे म्हणते ना! असंच जेवतात ते.”

तिचा आवाज चांगलाच चढला. मानबोकने आहे त्याच भातात चमचा रोवला. गेलेल्याला निवांत जेवता यावं म्हणून सगळे खोलीबाहेर आले आणि दार लोटून घेतलं. आता थोडा वेळ थांबायचं, मग तीनदा खोकून आत जायचं.

तेवढ्यात किलकिल्या फाटकातून दोन बायका धापा टाकत आत आल्या. जोंजू शहरातून आलेल्या सख्ख्या बहिणी होत्या. थोरली म्हणाली, “पाटी दिसली नाही हो, पण फाटक उघडं होतं. माझ्या नणंदेने पाठवलंय. इथले काका बसमध्ये कुठल्या बाजूला बसायचं तेसुद्धा सांगतात म्हणे!”

“समुद्राच्या—” ह्वाजाने सुरुवात केली आणि पुढचा शब्दच येईना. ती ओट्यावर मटकन बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, गळा काढून, वर्षापूर्वी रडायला हवं होतं तशी. पलीकडे चुनजाने खिडकी उघडली, ऐकलं, आणि जन्मात पहिल्यांदाच काही न बोलता लावून घेतली.

बहिणी बिचाऱ्या घाबरून माघारी वळल्या. संगगन त्यांना म्हणाला, “माफ करा, खोल्या आता—”

“खोली आहे,” ह्वाजा नाक पुसत म्हणाली. “बंदराकडची देते. जेवलात का?”

“नाही अजून. कुठे चांगलं मिळेल?”

“आज कुठे जाऊ नका. इथेच बसा. त्यांचं जेवण झालं की आपण सगळे जेवू. आणि उद्या दीपगृहाला मीही येते तुमच्याबरोबर.”

“आई, उद्या तो माणूस यायचाय,” संगगन हळूच म्हणाला.

“येऊ दे. चहा पाज त्याला आणि परत पाठव. आणि चादरी धू.”

मानबोकने दाराकडे पाहिलं, घसा साफ केला आणि खोकायला तोंड उघडलं. ह्वाजाने हात वर करून त्याला थांबवलं.

“एवढ्यात नको, भावोजी. ते सावकाश जेवतात.”