दुसऱ्या कडव्यातली व्हायोलिनं

टोरोंटोजवळ रिचमंड हिलचं घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकांनी बेसमेंटमध्ये एक रेकॉर्ड प्लेअर सोडून दिला होता. पाच वर्षं आम्ही त्यावर धुतलेल्या कपड्यांची बास्केट ठेवली. मग गेल्या नोव्हेंबरात विंटर टायर्स बसवून घ्यायला गेले असताना वेळ काढायला शेजारच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले आणि एक रेकॉर्ड उचलून आणली. कव्हरवर निळ्या सुटातला एक गायक, त्याच्यामागे अख्खा वाद्यवृंद.

घरी येऊन लावली. आधी खरखर, मग हार्प, मग तो गायक कानाशी बोलावं तसा हळूच गायला लागला. दुसऱ्या कडव्याला सगळी व्हायोलिनं अशी उसळून वर आली की मी हातात मोजे घेऊन तशीच उभी राहिले. नागपूरला रेडिओवरच्या जुन्या हिंदी गाण्यांत दोन कडव्यांच्या मधली व्हायोलिनं ऐकतच मी वाढले होते. इथे तर ती गाणंभर होती!

"आई, इट्स लाइक एलिव्हेटर म्युझिक!" लेक नाक मुरडत जिन्यावरून ओरडली.

"अशी लिफ्ट असेल तर मी चाळिसाव्या मजल्यावर राहायला जाईन," मी म्हटलं.

त्यानंतर मी कुणाला सोडलं नाही. टोरोंटोच्या ऑफिसात लंचला, मित्रमंडळींच्या पॉटलक जेवणात, जो भेटेल त्याला मी हे ऐकाच म्हणून मागे लागायचे. एका मैत्रिणीने खरंच ऐकलं आणि "छान झोप लागली गं" असं कळवलं. तरी माझा उत्साह कमी होईना.

शेजारी ऐंशी ओलांडलेले एक आजोबा एकटे राहतात. त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ आम्हीच शोव्हल करतो. एका शनिवारी सकाळी ते आमचा डबा परत द्यायला आले, तर मी त्यांनाही खाली नेऊन खुर्चीत बसवलं. "फक्त एक गाणं. तुम्हाला आवडेलच."

त्यांनी कव्हर हातात घेऊन निरखून पाहिलं. गाणं सुरू झालं तसे त्यांनी डोळे मिटले. दुसरं कडवं आलं आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर भराभर हलायला लागली.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "शेवटी एक व्हायोलिन किंचित उशिरा थांबतं. ऐकलंत?"

"नाही."

"ते माझं."

मी प्लेअर बंद केला. ते हसत सांगत होते, "सकाळी दहाला स्टुडिओत बोलावलं, समोर नोटेशनचे कागद ठेवले, दुपारी घरी पाठवलं. गायकाचा आवाज नंतर भरायचे. हे गाणं कशाबद्दल आहे, ते आज कळलं मला."

"म्हणजे तुम्ही हे कधी ऐकलंच नव्हतं?"

"रोज कुठे ना कुठे वाजवायचो. घरी आल्यावर शांतता हवी असायची." मग कव्हरकडे बघत म्हणाले, "गातो छान, नाही?"

मी जिन्यापाशी धावले आणि नवऱ्याला, लेकीला जिवाच्या आकांताने हाका मारल्या. काही पेटलंबिटलं की काय, म्हणून दोघं धावत खाली आले. लेकीचा विश्वासच बसेना. "वेट, दॅट्स यू?" असं म्हणत तिने तो शेवट चार वेळा लावला. चौथ्यांदा तिला ते मागे राहिलेलं व्हायोलिन सापडलं, आणि तिने टाळी वाजवली. आजोबा कानापर्यंत लाल झाले.

पुढच्या शनिवारी ते स्वतःहून आले, खिशात एक यादी घेऊन. ज्या ज्या रेकॉर्डवर वाजवल्याचं आठवत होतं, त्या सगळ्या त्यांनी लिहून आणल्या होत्या. आता आम्ही त्या शोधत फिरतो. ते पुढच्या सीटवर, लेक मागे. सहा मिळाल्या. काल माझ्या भावाचा पार पश्चिम किनाऱ्यावरच्या सरेहून फोन आला, तिथल्या एका दुकानात सातवी आहे, कव्हर जरा भिजलंय, चालेल का?

"चालेल काय, आधी घे!" मी म्हटलं, आणि चपला घालून शेजारी सांगायला पळाले.