मागणीप्रमाणे मिळाले

"तुला कशाला पुस्तक? घाण उपसणं तर तुमच्या रक्तातच आहे."

सर हे ग्रंथालयाच्या खिडकीपाशी म्हणाले. मागं सगळा वर्ग रांगेत उभा होता. सगळे हसले. तोंडावर हात ठेवून हसावं, एवढीही लाज कुणाला वाटली नाही. ग्रंथपाल पण हसले, आणि हसत हसतच त्यांनी माझ्यापुढं एक पातळ पुस्तक सरकवलं.

परभणी जिल्ह्यातलंच एक तंत्रनिकेतन. स्थापत्यच्या डिप्लोमाचं दुसरं वर्ष. वर्गात मुलगी मी एकटी. विषय होता पाणीपुरवठा आणि सांडपाणी. कागदावर त्याला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी असं भारदस्त नाव होतं. पोरं मात्र सरळ 'गटार' म्हणायची. तास सुरू व्हायच्या आधी माझ्याकडं बघून म्हणायची. सरांचं नाव मी इथं सांगत नाही. तेवढा मान मला त्यांना द्यायचा नाही.

या विषयाची ओळख करून देणारी दोन पुस्तकं ग्रंथालयात होती. एक जाडजूड, इंग्रजी, पक्क्या बांधणीचं. त्यात आकृत्या होत्या, सोडवलेली उदाहरणं होती, आणि असं का होतं हेही सांगितलेलं होतं. दुसरं पातळ, नुसत्या प्रश्नोत्तरांचं. पाठ करा, ओका, सुटा. जाड पुस्तक बाकीच्या पोरांना कार्डावर मिळायचं. आम्हाला पुस्तकपेढीतून मिळायचं ते पातळ. तिघांत एक संच, आणि प्रत्येक पुस्तकावर बोटभर उंचीचा जांभळा शिक्का: 'मागासवर्गीय'. एसटीत पुस्तक मांडीवर ठेवलं की शेजारचा माणूस आधी शिक्का वाचायचा आणि मग सरकून बसायचा. पुस्तकं सरकारची, हक्क आमचा, निवड मात्र सरांची.

"ह्यांना पास व्हायचंय, समजून काय करायचंय?" सर ग्रंथपालांना म्हणाले. माझ्यासमोरच म्हणाले. मी तिथं नाहीच, असं.

मला समजून घ्यायचं होतं. त्याला कारण होतं.

आमचं गाव पालमकडचं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवर दगड पडले, झोपड्या जळाल्या. झोपड्या आम्ही पुन्हा उभ्या केल्या. पण जाळणारे जाताना आमच्या आडात मेलेलं कुत्रं टाकून गेले होते. ते काढलं, पण पाण्याचा वास गेला नाही. गावच्या विहिरीवर आम्हाला पाय ठेवायची सोय नव्हती. ओढ्यात खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरायचं, आणि ओढा आटला की पुन्हा तोच आड. त्याच पाण्यानं माझी धाकटी बहीण गेली. जुलाब, ओकाऱ्या, तीन दिवस. माय म्हणत राहिली, "देवीचा कोप झाला." मीही तेच मानत होते.

आणि एक दिवस ग्रंथालयाच्या वाचनकक्षात ते जाड पुस्तक मी उघडलं. शब्दकोश शेजारी ठेवून, एकेका शब्दाशी झुंजत. पहिल्याच प्रकरणात पाणी कशाकशानं दूषित होतं याची यादी होती. शेण, मूत, मेलेली जनावरं, कुजलेला पाला, संडासाचा पाझर. मी ती यादी वरून खाली वाचली. पुन्हा वाचली. शेवटच्या शब्दापर्यंत बोट फिरवत. आमचा स्पर्श त्या यादीत कुठंच नव्हता.

पुढं काही पानांवर होतं बिघडलेली विहीर कशी शुद्ध करायची ते. माप कसं घ्यायचं, पाणी किती ते कसं काढायचं, पावडर किती टाकायची. सोडवलेलं उदाहरण. म्हणजे बहीण कोपानं गेली नव्हती. मला रडू आलं नाही, राग आला. इतका की पुढची ओळ दिसेना.

पातळ पुस्तकात त्यातलं एक अक्षर नव्हतं.

तर त्या दिवशी, खिडकीपाशी. पुस्तकासोबत पेढीचा छापील फॉर्म असायचा. त्यात खाली एक ओळ: 'वरील पुस्तके माझ्या मागणीप्रमाणे मिळाली.' तिच्याखाली तिघांनी सह्या करायच्या. आजवर सगळ्यांनी केल्या होत्या. कुणी वाचत नव्हतं. पहिल्या वर्षी मीही न वाचताच केली होती. माझ्या संचातला मानवतचा मुलगा सही करून मोकळा झाला होता, तिसऱ्याचीही झाली होती. माझी राहिली होती.

मी ओळ वाचली. मोठ्यानं वाचली.

"सर, मी हे पुस्तक मागितलेलं नाही."

"मग?"

"मला ते मोठं पाहिजे. नाहीतर मी सही करणार नाही."

हसणं थांबलं. सरांचा चेहरा तांबडा झाला. "विद्यापीठाला नाव पाहिजे ना तुम्हाला? नाव मिळालं की डिग्री पण आपोआप मिळेल. पुस्तकं कशाला वाचता?"

मी पेन टेबलावर ठेवलं, ते पुन्हा उचललं नाही.

"सही नाही तर संच नाही. तिघांनाही नाही," सर म्हणाले आणि फॉर्म फाडला.

मानवतचा मुलगा बाहेर मला आडवा आला. तोही आमच्यातलाच. "ताई, काहून असं केलं? तुझ्या एकटीपाई आमाला बी पुस्तक न्हाई." त्याचं खरं होतं. वर्ष संपेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही, आणि ते मला सरांच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं.

जाड पुस्तकाची एक प्रत वाचनकक्षात साखळीनं बांधल्यासारखी असायची, बाहेर न्यायची नाही. प्रॅक्टिकल संपलं की मी तिथं बसायचे. विहिरींचं अख्खं प्रकरण वहीत उतरवून काढलं, आकृत्यांसकट. सरांच्या हातातले मार्क मला जेमतेम मिळाले. मिळणारच होते.

दिवाळीच्या सुट्टीत आडाला हात घातला. वस्तीनं सगळं पाणी उपसलं, गाळ काढला. नवं पाणी भरल्यावर मी माप घ्यायला बसले. दोरीचं दुसरं टोक बाच्या हातात. येलदरीचं धरण बांधताना त्यानं डोक्यावर माती वाहिली होती, साहेब लोकांच्या मापाच्या दोऱ्या धरल्या होत्या.

"म्या लय दोऱ्या धरल्या त्यायच्या," तो म्हणाला, "पर माप किती आलं ते कोणी सांगितलं न्हाई."

मी त्याला माप सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून बघितलं.

दवाखान्यातून मागून आणलेली ब्लिचिंग पावडर बादलीत कालवली, वरची निवळी आडात सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी माय पहिला घोट प्यायली. तोंड वाकडं करून म्हणाली, "औषधावाणी लागायलंय." आणि मग पदर तोंडाला लावून रडली. कुणासाठी ते मला माहीत होतं.

पुढच्या पावसाळ्यात गावच्या विहिरीत चहूकडचं घाण पाणी उतरलं. गावात पोरं आजारी पडली. आमच्या वस्तीत कुणी नाही. मी तेव्हा गावी होते. पाटलाचा थोरला आला. वस्तीच्या तोंडाशी थांबला, तिथूनच बाला हाक मारली.

"तुझ्या पोरीनं आडात काय टाकलं म्हणं. आमच्या हिरीत बी टाकायचंय. पोरायला लय तरास व्हायलाय. किती टाकायचं ते चिठ्ठीवर लिहून दे म्हणाव. आमचा गडी टाकील."

मी पुढं झाले. "चिठ्ठीवर न्हाई जमत. माप घ्यावं लागतं. दोरी पाण्यात सोडावी लागती. मी काठावर येते."

"तू कशाला काठावर? लांबून सांग. हिर बाटल आमची."

मायनं मागून माझा दंड दाबला. मला यादी आठवली. शेण, मूत, मेलेली जनावरं. मला खिडकीही आठवली, आणि टेबलावर ठेवलेलं पेन.

"पोरायला पाणी उकळून, गार करून पाजा. आजपासूनच पाजा," मी म्हणाले. "त्यायचा काही गुन्हा न्हाई. पर हिरीचं माप मी काठावर उभी राहूनच घेईन. माझ्या हातानं दोरी सोडीन, दिवसाउजेडी, समद्या गावासमोर."

तो थुंकला आणि गेला.

बानं दोरी गुंडाळून खुंटीला टांगली, हाताला येईल अशी.

पाटलाचा थोरला परत येईल की नाही, मला ठाऊक नाही. आला तर दोरी तयार आहे. काठापर्यंत मी चालत जाईन. लांबून मात्र एक शब्द सांगणार नाही.