रुमालाखालची बोटं

घोडेगावच्या बैलबाजारात आमच्या सहादेवचं तोंड कमी आणि बोटं जास्त बोलायची. तो दलाल. घेणाऱ्याचा हात धरायचा, वर रुमाल टाकायचा, आणि भाव आतल्या आत बोटं दाबून ठरायचा. आकडा तोंडानं उच्चारायचा नाही. आणि कळला नाही, असं तर मरेपर्यंत म्हणायचं नाही. म्हटलं की त्या दलालाच्या हातावर पुन्हा कुणी रुमाल टाकत नाही. माझं नि त्याचं घर भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्याच्या चुलीवर काय शिजतंय हे मला त्याच्याआधी कळायचं.

एकाहत्तर साली त्याची बोटं बधिर व्हायला लागली. आधी हातातून कपबशी सुटली. मग बाजारात राहात्याच्या एका गिऱ्हाइकानं तीन बोटं दाबली आणि यानं दोनच धरली. सौदा मोडला. मी म्हणालो, "सहादू, उद्यापासून बैलालाच इचारत जा भाव." तो हसला खरा, पण त्या दिवशी अर्धी भाकरी टाकून उठला. हे त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं सांगितलं आणि वर म्हणाली, "भाऊजी, तुमीच न्या त्यांना नगरला. माजं ऐकायचे न्हाईत."

नगरच्या एका दवाखान्यात तेव्हा हेमचंद्र नावाचे डॉक्टर अशाच रोग्यांवर संशोधन करत होते. मेंदूतून निघून मणक्यांमधून जी दोरी खाली उतरते, ती कुठं दाबली गेलीय हे साध्या फोटोत दिसत नाही. म्हणून ते कमरेत सुईनं औषध सोडायचे, माणसाला टेबलाला बांधून टेबल डोक्याकडं कलतं करायचे आणि औषध सरकत सरकत कुठं अडतं त्याचे एक्स-रे काढायचे. सुई त्रासाची, म्हणून ज्याची बोटं खरोखर बधिर झालीत त्यालाच घ्यायचे. आधी तपासणी. मला बाहेर बाकावर बसवलं. आत त्यांनी सहादेवचा हात टेबलावर ठेवला, त्याला दिसू नये म्हणून वर टॉवेल टाकला आणि खालून बोटं दाबत विचारलं, किती बोटांना कळतंय?

हातावर टॉवेल पडला आणि सहादेवातला रोगी उठून गेला. खुर्चीत दलाल बसला. डॉक्टरांच्या खांद्याकडं नि मनगटाकडं बघत त्यानं धडाधड सांगितलं. सगळं बरोबर. स्पर्श उत्तम आहे, मान शेकत जा, असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

एस.टी.त तो माझ्या कानाशी लागला. "कळलं काहीच न्हाई गड्या. पन डॉक्टरचा खांदा लई बोलतो."

मी असा हसलो की पुढची बाई वळून बघायला लागली. गाव तर आठवडाभर हसलं. गोजरबाई तेवढी हसली नाही.

पुढच्या साली दुष्काळ. निम्म्या जिल्ह्याची जनावरं घोडेगावात येऊन उभी राहिली, दलालांना पाणी प्यायला फुरसत नव्हती, आणि आमच्या दलालाला सदऱ्याचं बटण लावता येईना. पायही लटपटायला लागले. पुन्हा नगर. या खेपेला टॉवेलाची गरजच पडली नाही. सुई देऊन टेबल कलतं केलं, तर औषध मानेपाशी येऊन थांबलं, पाटाच्या पाण्याला मध्येच बांध घालावा तसं. हेमचंद्रांनी फिल्म खिडकीशी धरून आम्हाला दाखवली. ऑपरेशननं पाय वाचतील, बोटांची आशा नाही. गेल्या वर्षी हा फोटो निघता तर गोष्ट वेगळी होती, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तेव्हा कळत नव्हतं तर बोलला का नाहीत?"

"रुमालाखालचं कळलं न्हाई, असं आमी म्हनत न्हाई, सायेब."

डॉक्टरांनी फिल्म पाकिटात घातली आणि ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

पाय वाचले. आता बाजाराच्या दिवशी तो बाभळीखाली येऊन बसतो. जुनी गिऱ्हाइकं रामराम घालतात आणि दुसऱ्या दलालाकडं जातात. परवा मी शेजारी टेकलो. थोडी गंमत करावी म्हणून त्याच्या हातावर माझा रुमाल टाकला, तीन बोटं दाबली आणि खांदा दगडासारखा ठेवला. सवयीनं त्यानं आधी माझ्या खांद्याकडं बघितलं. मग नजर काढून घेतली.

"न्हाई कळलं, मच्छिंद्र," तो म्हणाला. चांगलं मोठ्यानं म्हणाला. पलीकडचे दोन दलाल वळून बघायला लागले.

मी दाबलेली बोटं सोडली नाहीत. रुमाल तसाच राहू दिला.