बॅटरीपासून डिकीपर्यंत

लाउडस्पीकरच्या दुकानात दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत. एक म्हणजे वायरचे तुकडे, दुसरे किस्से! कधीतरी उपयोगी पडतील म्हणून दोन्ही कोपऱ्यात पडून राहतात आणि बघता बघता ढीग होतो. माझ्याकडे वायरचा ढीग आता उरला नाही. किस्से मात्र आहेत, आणि वाईट एवढंच की त्यातल्या बहुतेकांत माती खाल्लेली आहे ती मीच.

सदुसष्ट-अडुसष्टचा सुमार. जळगावात नानांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. जाहिरातीच्या, प्रचाराच्या, वरातीच्या गाड्या आमच्याकडे सजायला यायच्या. टपावर कर्णे, डिकीत अँप्लिफायर, आमच्या भाषेत 'मशीन', आणि पुढे बॉनेटखाली बॅटरी. बॅटरीपासून डिकीपर्यंत एक वायर ओढायची, परतीचा करंट गाडीच्या बॉडीतून. बस, एवढंच काम! या एवढ्याशा कामात मी सहा वर्षं घालवली.

नानांचा एक कायदा होता. एकट्याने केलेलं काम तक्रारीशिवाय पार पडलं, तरच ते त्या माणसाला 'मिस्त्री' म्हणत. तोवर तो नुसता 'हात'. "ए हात, पक्कड आण!" भिका हा साक्रीकडचा गडी माझ्यानंतर लागला आणि दुसऱ्याच वर्षी मिस्त्री झाला. मी हातच.

त्यात फैजपूरचं स्थळ आलं. मुलीचे वडील, आबा, केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी माझ्या आईला विचारलं, "पोरगा काय करतो?" आई म्हणाली, "मिस्त्री आहे! त्याच्याशिवाय दुकानाचं पान हलत नाही!"

सुपारी फुटली. मुलगी मला मनापासून आवडली होती, त्यामुळे आईची थाप खरी करून दाखवण्याखेरीज इलाज नव्हता.

*

पहिली एकट्याने केलेली गाडी एका टूरिंग टॉकीजवाल्याची. इंजिन आणि सीट यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून मी वायर आत घेतली. त्या भोकाला रबराची रिंग लावायची असते. ती मी नंतर लावणार होतो.

नशिराबादच्या बाजारात गाडी खड्ड्यांतून नाचत निघाली. पत्र्याच्या धारेने वायर सोलली गेली आणि बॉनेटमधून धूर! अनाउन्सर मागे बसलेला, त्याला पत्ता नाही. तो आपला ओरडतोय, "आगीशी खेळ! अंगावर काटा आणणारी दृश्यं! बघायला विसरू नका!" लोक टाळ्या पिटताहेत, पोरं गाडीमागे धावताहेत. मी उडी मारून बॅटरीचं टोक उपटलं तेव्हा कुठे धूर थांबला.

त्या दिवशी तंबू फुल्ल! दुसऱ्या दिवशी सकाळी मालक दुकानात हजर. मी नानांच्या मागे लपलो. मालक म्हणाले, "भाऊ, तेवढा धूर दर बाजाराला काढता येईल का?"

नानांच्या लेखी ही तक्रारच ठरली.

*

धुळ्याला नगरपालिकेची निवडणूक होती. एका उमेदवाराची जीप जोडायची होती. जाड वायर संपलेली, म्हणून मी घरगुती दिव्याची बारीक वायर ओढली. करंट करंटच, त्याला जाड-बारीक काय कळतंय, असा माझा विचार.

करंटला कळतं! हळू बोललं की आवाज छान यायचा. जोरात बोललं की मशीन जास्त करंट ओढायचं, बारीक वायर तेवढा द्यायची नाही आणि आवाजाचा जीव जायचा. आता पुढारी जोरात केव्हा बोलणार? आश्वासन देतानाच! "बंधूंनो, मी निवडून आलो तर..." इथवर खणखणीत. पुढे नुसतं "खर्र... फुस्स..." उमेदवाराची मान फुगलेली, हात आकाशात आणि कर्ण्यातून फुस्स!

मी घामाघूम होऊन जीपमागे उभा. शेजारी एक म्हातारबाबा विडी ओढत ऐकत होते. कौतुकाने मान डोलावून म्हणाले, "हाऊ पहिलाच पुढारी शे, काहीच कबूल करस नही!"

निवडून आला की हो तो!

*

काम दिसायला नीटनेटकं असावं, ही माझी हौस. एका भजनी मंडळाच्या गाडीत मी माईकची वायर आणि बॅटरीची वायर सुतळीने एकत्र बांधली. बाईची वेणी असावी तशी सुंदर दिसत होती. भिकाने पाहिलं आणि नुसता हसला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गाडी सुरू झाली आणि कर्ण्यातून "कुंईईई" सुरू झालं. इंजिनाजवळच्या डायनॅमोचा आवाज बॅटरीच्या वायरीतून सरळ माईकच्या वायरीत शिरत होता. गाडी जोरात निघाली की कुंई वर चढे, हळू झाली की खाली येई. मागच्या सीटवर पेटी, टाळ, मृदंग आणि मधे मी, मान खाली घालून. बुवा भले माणूस. त्यांनी डोळे मिटून ते कुंई थोडा वेळ ऐकलं, पेटीवर एक पट्टी दाबून पाहिली आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दादा, थर्ड गिअरमध्येच राहू द्या. काळी दोन बरोबर लागतेय!"

पुढे चौकात म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि अख्खं मंडळ बेसूर झालं.

*

फ्यूज बॅटरीजवळ असावा, म्हणजे पुढे कुठेही काही झालं तरी तो आधी उडतो. मला बॉनेट उघडण्याचा कंटाळा. एका वरातीच्या गाडीत मी तो मागे डिकीत लावला. नाना म्हणाले, "चोर अंगणात आणि कडी माजघराला, होय रे?"

मी तो पुढे आणून लावला. पण दिवसातून तीनदा उडायला लागला. मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी चार घड्या करून मी त्याच्या जागी कोंबली. त्यानंतर एकदाही उडाला नाही! छाती फुगवून नानांना सांगितलं.

"फ्यूज नाही उडाला," नाना म्हणाले, "सीट जळली."

*

कापडवाल्या शेठजींची जुनी विलायती गाडी होती, आणि त्यांनी कौतुकाने नवाकोरा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर मागवला होता. मला एकच पाठ होतं की गाडीची बॉडी म्हणजे मायनस. तेव्हाच्या काही जुन्या विलायती गाड्यांत बॉडीला प्लस असायचा, हे बॅटरीकडे एक नजर टाकली असती तर दिसलं असतं. मी टाकली नाही. उलटी वायर जोडून स्विच दाबला. "टक्" झालं आणि सगळं गप्प.

शेठजींचं सगळं घर ओट्यावर जमलेलं. मी धीर करून म्हणालो, "मशीन गरम व्हायला वेळ लागतो." जुनी व्हॉल्व्हची मशीनं खरंच गरम व्हावी लागत. ट्रान्झिस्टरचं मशीन दाबलं की वाजतं, पण हे त्या घरात कोणाला ठाऊक!

शेठजींनी खुर्च्या मागवल्या. सरबत आलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी डिकीत डोकं घालून उगीच स्क्रू पिळतोय. शेवटी शेठजी उठून जवळ आले, नाक वर करून दोनदा वास घेतला आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "भाईजी, मला वाटतं आता पुष्कळ गरम झालं!"

*

आणि मग फैजपूरचं काम निघालं.

आबांच्या थोरल्या मुलीचं लग्न आधी होतं, धाकटीचं म्हणजे आमचं नंतर. आबांनी निरोप धाडला, "घरचा जवाई मिस्त्री असतांना मी दुसरा कशाले पाहू?" नानांनी भिकाला कर्णे बांधायला सोबत दिलं आणि मला म्हणाले, "गाडी तुझी. भिका वायरीला हात लावणार नाही."

आबांची इच्छा अशी, की मंगलाष्टकं घरासमोर म्हटली जातील, म्हणून मशीन गाडीसकट तिथेच राहावं. पण कर्णे मात्र दोन गल्ल्या पलीकडे बसस्टँडजवळच्या त्यांच्या वखारीवर लावायचे, म्हणजे उतरणाऱ्या वऱ्हाडाला तिथूनच सगळं ऐकू यावं. भिका कर्णे बांधून आला, तिथवरची वायर मीच नेली. मी जाड वायर ओढली. रबराची रिंग लावली. फ्यूज बॅटरीजवळ. बॉडीला प्लस की मायनस ते चारदा पाहिलं. माईकची वायर दुसऱ्या बाजूने नेली. आयुष्यात इतकं मन लावून मी काही केलं नव्हतं. घराच्या खिडकीत मघापासून कुणीतरी उभं होतं.

इंजिन सुरू ठेवलं. त्या गाडीचं इंजिन म्हणजे पिठाची गिरणी. स्विच दाबला, दिवा लागला. मी डिकीत गुडघ्यावर बसलो, भिका शेजारी. माईक अँप्लिफायरवर उताणा पडलेला.

भिका माझ्या कानाशी येऊन ओरडला, "भो, तू मिस्त्री नही शेस, हाई आबाले माहीत शे का?"

"वेडा आहेस का?" मीही ओरडलो. "आईने थाप मारली रे! सहा वर्षं झाली, नाना मला अजून हातच म्हणतात! गाड्या जाळल्या, शेठजींचं मशीन जाळलं! पण पोरगी लाखात एक आहे. आबांना कळलं तर ती जाईल हातची. लग्न होऊ दे, मग शिकेन हळूहळू!"

खिडकी धाडकन बंद झाली.

मी वर पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी माणसं गोळा होत होती. बसस्टँडच्या बाजूने आबा येत होते, धोतराचा सोगा हातात, मागे निम्मं फैजपूर. भिकाने हळूच माईक उचलून पाहिला आणि त्याचं चालू राहिलेलं बटण बंद केलं.

आबा डिकीसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी वाकून वायर पाहिली, बोटाने दाबून पाहिली.

"हे कोनं जोडलं?"

"मी."

"बठ्ठं?"

"हो आबा, सगळं. एकट्यानेच."

"मी बसस्टँडवर उभा व्हतो," आबा म्हणाले. "शब्द न शब्द आयकू आला. कुठी खरखर नाही, कुठी कुंई नाही."

मग ते घराकडे वळले आणि मोठ्याने हाक मारली, "अवो, मिस्त्रीले चहा आना!"