सगळ्याला हो म्हणणारं सॉफ्टवेअर

सोलापुरात दोन-तीन कंपन्यांनी मिळून घेतलेल्या आमच्या ऑफिसात समोरच्या टेबलावर दुसऱ्या कंपनीचा एक प्रोग्रॅमर बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. टॉवेल कारखान्याच्या ऑर्डरी तो कुरिअरवाल्यांच्या सॉफ्टवेअरला जोडायचा. पडद्यावर ‘सक्सेस’ उमटलं की याच्या कपाळाला आठी. लगेच गोदामाला फोन, “पार्सल उचललं का?” बहुतेकदा उचललेलं नसायचंच.

“पिनकोड चुकला तरी सक्सेसच म्हणतंय की. त्यापेक्षा न्हाय म्हणणारं परवडलं.”

चहावाला ‘आणतो’ म्हणाला, तरी हा खिडकीतून वाकून बघायचा. मला त्याचा वैताग यायचा.

माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा त्यानं विचारलं, “सगळं बरं हाय नव्हं?”

“बरंय,” मी सवयीनं म्हणालो.

पडद्याकडं बघायचा तसंच त्यानं माझ्याकडं बघितलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, “फोन कुणाला लावू?”