शेफबाईंचे नाहरकत पत्र

गिऱ्हाइकाच्या टेबलावर पाणी ठेवण्याआधी शेफबाई स्वयंपाकघरातल्या बायकांना पाणी प्यायला लावत. "सुनंदा, तांब्या रिकामा दिसू दे गं मला!" असे त्या भर गर्दीत ओरडत.

मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यांत त्यांनी वीस वर्षे काढली होती. तिथे बायकांसाठी संडास नसे. म्हणून घरी परतेपर्यंत पाणी प्यायचे नाही, अशी सवय साऱ्याजणींनी लावून घेतलेली. त्यातच बाईंची मूत्रपिंडे बिघडली. "हात भाजला तर दाखवता येतो हो," त्या म्हणत, "हे कुणाला दाखवायचं?"

पुढे नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत गाळा घेऊन त्यांनी स्वतःचे हॉटेल काढले. त्यांच्या वालाच्या बिरड्यासाठी लोक डोंबिवलीहून येत. दुपारी त्या इतर हॉटेलमालकांना गाठत आणि समोर आलेला चहा बाजूला सारून विचारत, "तुमच्याकडे बायकांसाठी संडास आहे? नाही? मग चहा राहू द्या." बहुतेक जण हसून विषय बदलत. दोघांनी मात्र बांधला.

त्यांच्या स्वतःच्या गाळ्यातही संडास नव्हता. शेजारच्या दवाखान्यातला संडास तिथले डॉक्टर वापरू देत. दवाखाना हलला, तेव्हा मागच्या मोकळ्या जागेत स्वखर्चाने बांधण्यासाठी बाईंनी सोसायटीकडे नाहरकत पत्र मागितले. मी सेक्रेटरी होतो. सभेत दोघातिघांनी वासाची तक्रार केली. नियमांत अडचण नव्हती. कागद मीच पाहिले होते. तरी शेजाऱ्यांशी वाकडे नको म्हणून मी ते बोललो नाही, आणि नकाराचे पत्रही मीच लिहिले.

"अक्षर सुरेख आहे हो, सेक्रेटरीसाहेब," पत्र वाचून बाई म्हणाल्या. मग हळूच, "लोकांना शिकवत फिरायचं आणि आपल्याच बायकांना तहानलेलं ठेवायचं, हे मला नाही जमणार." दोन महिन्यांत हॉटेल बंद झाले.

चार वर्षांनी मी टिटवाळ्याला, त्यांच्या भावाच्या घरी, माफी मागायला गेलो. डायलिसिसने त्या थकल्या होत्या. "मला कशाला? मी मालकीण होते. माझ्या स्वयंपाकघरातल्या त्या चौघींना सांगा," म्हणून त्यांनी मला नावे आणि ठिकाणे लिहून घ्यायला लावली. महिन्याभरात बाई गेल्या.

पहिले नाव सुनंदाचे होते. माजिवड्याच्या एका हॉटेलच्या मागच्या दाराशी मी तिची चौकशी केली.

"ती आजारी पडली, सोडून गेली," मालक म्हणाला. "बायका टिकतच नाहीत हो या कामात. का, कोण जाणे."

मला ठाऊक होते. मी मान डोलावली आणि रिक्षाला हात केला.