चांदणी उतरवायचा दिवस

त्या बाई मला एकदाच भेटल्या, नाशिक रोडच्या आमच्या चर्चमध्ये, प्रकटीकरणाच्या सणाला. ताऱ्यामागून चालत पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, बाळ येशूपर्यंत पोचले, त्याची आठवण म्हणून हा सण. मोबाइल तेव्हा कुणाकडे नव्हते. बाई शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. दार जरा करकरलं की त्यांची मान वळायची. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या. प्रार्थनेतही डोळे उघडेच.

उपासनेनंतर आवारात चहा-केक सुरू झाला. पाळक सगळ्यांना सांगत होते, "घरी गेलात की चांदण्या उतरवा हं." नाताळात दारावर लावलेली दिव्याची चांदणी आमच्यात या दिवशी उतरवतात.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"उतरवायलाच पाहिजे का हो ताई? पोरगा लासलगावहून कांद्याचा ट्रक घेऊन गुवाहाटीला गेलाय. नाताळला येतो म्हणला होता. फोन नाय, निरोप नाय."

"येईल हो. रस्त्यात उशीर होतोच."

"मागी लोकांनाही उशीरच झाला असंल. पण तारा थांबला ना त्यांच्यासाठी?"

कुठे राहता, ते मी विचारलं. त्यांनी सांगितलेली चाळ माझ्या बसच्या वाटेवरच होती. संक्रांत उलटली तरी तिथे एका दारावर चांदणी पेटलेली दिसायची. मग एका संध्याकाळी ती दिसली नाही. मुलगा आला म्हणून उतरवली, की दुसरंच काही झालं? बसमधून उतरून विचारायचा धीर मला झाला नाही.

पुढच्या वर्षी सणाला मी त्याच बाकावर बसले. दार करकरलं की मान वळत होती, माझी.